टिश्यू कल्चरची केळीची रोपं उन्हाला सरावण्यासाठी किती दिवस सावलीत ठेवावीत?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात जी-९ जातीची, म्हणजे प्रयोगशाळेत बरणीत वाढवलेली, टिश्यू कल्चरची ५० रोपं आणली, दोन दिवस अंगणात ठेवली आणि पानं पांढरी पडून करपली. आता किती दिवस सावलीत ठेवायची? दिवसांचा आकडा मी देणार नाही. त्याच आकड्यावरून आमच्या घरात सात वर्षं वाद चालू आहे.

लग्नाआधी मी जळगाव जिल्ह्यात रावेरकडे एका हार्डनिंग शेडमध्ये, म्हणजे अशी रोपं बाहेरच्या हवेला सरावतात तिथे, दोन वर्षं कामाला होते. बरणीतून काढलेलं रोप बोटाएवढं असतं. त्याच्या पानावर मेणाचा थर जवळजवळ नसतो, पानाची छिद्रं वेळेवर मिटत नाहीत, कोरड्या हवेत ते बघता बघता मान टाकतं. म्हणून आधी चार-पाच आठवडे ट्रेमध्ये, दमट हवेत. मग पिशवीत भरून ५० टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली साधारण तेवढेच दिवस. शेवटी शेवटी आम्ही बायका पाणी थोडं आखडतं घ्यायचो आणि रोपं उजेडाच्या बाजूला सरकवायचो. कुठलं रोप तयार झालं ते पान बोटांत धरलं की कळायचं.

लग्न होऊन यावल तालुक्यात आले. सासरी केळी तीन पिढ्यांची, पण सगळी कंदाची, बसराई आणि श्रीमंती या जातींची. टिश्यूची रोपं पहिल्यांदा माझ्यासमोरच आली, मृगबागेसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या बागेसाठी, ३,०००. मे संपत आला होता, पारा ४५ च्या आसपास. टेम्पो रात्री बाराला आला. मी म्हटलं, आठ-दहा दिवस चिंचेखाली ठेवू, पश्चिमेकडून नेट बांधू. माझे मोठे दीर, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, ते म्हणाले, "केळी उन्हातच टणक होते. आमचा कंद कोणी सावलीत ठेवला होता?" आणि वर, "शेडमध्ये पाणी मारणं वेगळं, शेती वेगळी." दोन दिवसांत लागवड उरकली.

त्या आठवड्यात शेतीपंपाला दिवसाची लाईट होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मोटर सुरू केली. ठिबकच्या काळ्या नळ्या सकाळपासून उन्हात तापलेल्या. मी ड्रिपरखाली हात धरला तर पाणी चहासारखं. ओरडून सांगितलं, कोणी मोटर बंद केली नाही. पाचव्या दिवशी पानं कागदासारखी पांढरी झाली. १,१०० च्या वर रोपं गेली. नाना तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगतात की नर्सरीने रोपंच खराब दिली.

रोपं खराब नव्हती. उपटून बांधावर फेकलेल्यांतली १४ मी उचलून आणली, ज्यांचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, आतून हिरवा होता तेवढीच. चिंचेखाली ठेवून रोज सकाळी पाणी घातलं. ११ जगली, पुढच्या वर्षी परसात त्यांचे घड उतरले. नर्सरी तीच, टेम्पो तोच.

नानांचं कंदाबद्दलचं म्हणणं मात्र खरं आहे. कंदात अन्नपाण्याचा साठा असतो आणि त्याचं पहिलं पानच उन्हात उघडतं. टिश्यूच्या रोपाची पानं सावलीत जन्मलेली असतात. ती पातळ, गर्द हिरवी पानं कितीही दिवस ठेवलीत तरी पूर्ण तयार होत नाहीत. तयार होतं ते नवं पान. म्हणून दिवस सोडा, पानं मोजा. शेडनेटखाली, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी रोपं ठेवा. पहिले काही दिवस नऊपर्यंतचं ऊन पुरे, पुढे हळूहळू वाढवा. तिथेच एक नवं पान पूर्ण उघडू द्या, दुसऱ्याचा पोंगा वर येऊ द्या, मग लावा. या हवेत पान यायला सात ते दहा दिवस लागतात, पण करपलेलं रोप जास्त घेईल. करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, तरी त्यांचा हिरवा भाग कापू नका.

काळ्या पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेला मातीचा किंवा ओल्या पोत्याचा आडोसा करा, नाहीतर दुपारी मुळं शिजतात. पाणी सकाळी. युरिया आत्ता अजिबात नको. दुपारी पानाचे दोन्ही भाग खाली मिटले तर घाबरून पाणी ओतू नका, झाड स्वतःला वाचवत असतं. संध्याकाळीही उघडले नाहीत तर मात्र काळजीचं.

लावल्यावर झळेचं बघा. आमच्याकडे आता रोपाजवळ ताग पेरतात, बांधावर शेवरी लावतात, आणि ज्याला परवडतं तो रोपावर पांढरं क्रॉप कव्हर घालतो. सावलीसाठी म्हणून काकडी-भोपळ्याचे वेल मात्र जवळ चढवू नका, तिथून माव्याबरोबर हरण्या हा विषाणूचा रोग येतो.

हे सगळं आमच्या कोरड्या उन्हाचं. तुम्ही कोकणात असाल, किंवा पाऊस पडून गेल्यावर लावणार असाल, तर एवढं करावं लागणार नाही. गच्चीवर कुंड्या ठेवल्या असतील तर उलट जास्त जपा, खालून फरशीही तापते.

आणि उद्या सकाळी पोंगा बघा. हिरवा असेल तर ते रोप टाकून देऊ नका.