रविवर्मा प्रेस चालवणाऱ्या जर्मन माणसाचं नक्की योगदान काय?

फ्रित्झ श्लायशर हे त्यांचं नाव, आणि देवादिकांची रंगीत चित्रं घराघरात पोचली त्यात त्यांचा वाटा खूप मोठा आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तंत्रज्ञ जर्मनीहून आणले, त्यातलेच हे एक. नंतर प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज आणि तोटा वाढला आणि शेवटी श्लायशरनीच तो विकत घेऊन चालवला. काम सोपं नव्हतं हो, शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकेका चित्राला असे कितीतरी, आणि कागद केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीच्या साडीचा रंग काठाबाहेर! धंदा तगावा म्हणून त्यांनी जाहिराती, लेबलं पण छापली आणि धुरंधरांसारख्या चित्रकारांना काम दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. जुन्या प्रिंट मिळाल्या तर खालची ओळ बघा, बऱ्याच प्रिंटवर 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं इंग्रजीत छापलेलं सापडतं. फक्त एक, प्रेसचं नाव आहे म्हणून चित्र रविवर्मांचंच असं धरू नका, श्लायशरांच्या काळात इतरांची चित्रंही त्याच नावाने निघाली.