आर्मेनियाचा वाहाग्न आणि मुंबईचा बेहराम

प्रश्न असा आहे: आर्मेनियाच्या राष्ट्राध्यक्षांचं नाव वाहाग्न खाचातुर्यान. या ‘वाहाग्न’मध्ये आपला अग्नी आहे का? ‘वह् + अग्नी’, म्हणजे अग्नी वाहून आणणारा, अशी फोड काही ठिकाणी वाचायला मिळते, ती खरी मानायची का? आणि हे नाव तिकडे सर्रास ठेवतात की क्वचित?

अग्नी नाही. जे आहे ते मात्र आपल्या चांगल्या ओळखीचं आहे: वृत्रहन्. ऋग्वेदात इंद्राला वारंवार लावलेलं विशेषण. वाहाग्न हा त्याचा इराणी भाऊबंद, जो पार्थियन या जुन्या इराणी भाषेतून आर्मेनियात पोचला आणि तिथे देव झाला.

नुसत्या ऐकण्यावरून हे पटणार नाही, म्हणून ध्वनींचा हिशेब मांडतो. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत या देवाचं नाव वॅरॅथ्रघ्न. संस्कृतातला ‘त्र’ तिथे ‘थ्र’ असतो, आणि पुढच्या काळातल्या पार्थियनमध्ये त्याचा ‘ह्र’ होतो. हे एकट्या शब्दापुरतं नाही. मित्र, मिथ्र, मिह्र, आणि शेवटी मेहेर. पुत्र, पुथ्र, पुह्र. ‘शापूर’ या राजनामातला ‘पूर’ तोच, म्हणजे शहाचा पुत्र. आणि क्षत्र, ख्शथ्र, शह्र: मराठीत आपण रोज वापरतो ते ‘शहर’ क्षत्राचं सख्खं नातेवाईक आहे. त्याच वाटेने वॅरॅथ्रघ्नचा ‘वर्ह्रग्न’ झाला. एका शब्दात दोन ‘र’ जड जातात. आर्मेनियनमध्ये दोन्ही गळाले आणि वाहाग्न उरला.

शेवटचा ‘ग्न’ म्हणजे अग्नीचं शेपूट वाटतं खरं, पण तो आपला ‘घ्न’ आहे, हन् धातूचा. शत्रुघ्न, कृतघ्न, आयुर्वेदातलं कफघ्न, आणि विघ्नसुद्धा. ‘वह् + अग्नी’ ही फोड पडते ती इथेच. शिवाय इराणी परंपरेत आगीला ‘आतर’ म्हणतात (पारशी ‘आतश’ तिथलाच). अग्नी हा शब्द त्या बाजूला आगीच्या देवासाठी रूढ नाही. खुद्द आर्मेनियनमध्ये आगीला ‘हूर’ किंवा ‘क्राक’. मग नावात अग्नी आणणार कुठून?

आता अर्थ. वृत्रहन् म्हणजे वृत्राला मारणारा, हे आपण दधीचीच्या अस्थी आणि वज्र यांच्यासकट ऐकलेलं असतं. पण वृत्र हा आधी असुर की आधी सामान्यनाम? धातू वृ, झाकणे, अडवणे. ऋग्वेदातच ‘वृत्राणि’ असं नपुंसकलिंगी अनेकवचन येतं आणि तिथे अर्थ असतो अडथळे, शत्रूचा विरोध. अवेस्तात तर वृत्र नावाचा कोणी सर्प नाहीच. सर्पाला मारण्याचं काम तिथे दुसऱ्याच वीराकडे, थ्रएतओनकडे आहे. एमिल बाँव्हनिस्त आणि लुई रनू या दोन फ्रेंच अभ्यासकांनी १९३४ साली नेमका हा धागा धरून मांडलं की मूळ अर्थ ‘विरोध मोडून काढणारा’ असा असावा. सापाची कथा भारतात त्याला नंतर चिकटली. मला हे पटतं. अवेस्तातला वॅरॅथ्रघ्न विजयाचा देव आहे. त्याच्या स्तोत्रात तो दहा रूपांनी येतो: वारा, सोनेरी शिंगांचा बैल, पांढरा घोडा, उंट, रानडुक्कर, पंधरा वर्षांचा तरुण, पक्षी, मेंढा, बोकड आणि शस्त्रधारी पुरुष. दहा म्हटल्यावर दशावतार आठवणारच, आणि वराहही त्यात आहे. पण एवढ्यावरून नातं जोडायची घाई करू नये.

गंमत अशी की आर्मेनियात हाच देव पुन्हा सर्प मारायला लागतो. तिथे त्याचं बिरूद ‘विशापाकाघ’, म्हणजे विशापांची कापणी करणारा. विशाप म्हणजे अजस्र सर्प, आणि तो शब्दही इराणीतून आलेला. त्याचा पहिला तुकडा आपलं विष. हे सर्पयुद्ध इराणमार्गे आलं, की आर्मेनियाच्या डोंगरांत आधीपासून असलेल्या एखाद्या गर्जनादेवाचं नव्या नावावर चढलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

वाहाग्नबद्दल सगळ्यात सुंदर पुरावा मात्र एका तुटक्या गाण्याचा आहे. आर्मेनियन इतिहासलेखक मोव्सेस खोरेनात्सी (परंपरेने पाचव्या शतकातला, बरेच अभ्यासक त्याला पुढे ओढतात) याने वाहाग्नच्या जन्माच्या काही ओळी टिपून ठेवल्या आणि ‘बांबिर्न’ या वाद्यावर त्या गाताना आपण स्वतः ऐकल्या असं लिहिलं. आकाश कळा देतंय, धरती कळा देतेय, जांभळा समुद्रही कळा देतोय. समुद्रातल्या एका लालसर बोरूच्या पोकळ दांड्यातून आधी धूर येतो, मग ज्वाळा, आणि ज्वाळेतून सोनेरी केसांचा मुलगा धावत बाहेर पडतो. आगीचे केस, ज्वाळेची दाढी, डोळे म्हणजे सूर्य. मूळ ओळ कानाने ऐकण्यासारखी आहे: ‘एर्कनेर एर्किन, एर्कनेर एर्किर’. प्रसूतीच्या कळा, आकाश आणि पृथ्वी या तिन्हींना आर्मेनियनमध्ये एकाच घाटाचे शब्द आहेत, आणि कवीने तोच ठेका धरलाय.

या आगीमुळेच लोकांना नावात अग्नी दिसतो. तेवढ्यापुरता त्यांचा दोष नाही. पण कथेत आग आहे म्हणून शब्दात आग असायलाच हवी, असा नियम नाही.

बोरूच्या दांड्यावरून ज्यॉर्ज द्युमेझील या फ्रेंच पुराणकथा-अभ्यासकाला जे आठवलं ते महाभारताच्या वाचकालाही आठवावं. उद्योगपर्वात वृत्राला मारल्यावर इंद्र तेज गमावून पाण्यात, एका कमळाच्या देठात लपून बसतो. स्वर्गाचं राज्य नहुषाकडे जातं. अखेर अग्नी त्याला शोधून काढतो आणि इंद्र पुन्हा बळ घेऊन बाहेर येतो. पाणी, पोकळ देठ, आग, आणि सर्पघ्न वीर. द्युमेझीलच्या मते ही दोन्हीकडे उरलेली एकाच जुन्या कथेची खूण. त्याला साम्यं जरा जास्तच सापडत, पण इथे तो हवेत बोलत नव्हता असं मला वाटतं.

आता ‘सर्रास की क्वचित’ या प्रश्नाकडे. ख्रिस्ती होण्याआधीच्या आर्मेनियात वाहाग्नचं मोठं स्थान होतं. राजा त्रदातच्या आज्ञापत्रात प्रजेसाठी आरामाज्द देवाकडून समृद्धी, आनाहित देवीकडून रक्षण आणि वाहाग्नकडून शौर्य मागितलेलं आहे. तारोन प्रांतातल्या आश्तिशात इथे (आज तुर्कस्तानातल्या मुश शहराच्या परिसरात) त्याचं देऊळ होतं, शेजारी आस्त्घिक या त्याच्या प्रियेचं. महिन्याच्या तीस दिवसांना तीस नावं होती, त्यांत सत्ताविसावा दिवस वाहाग्नचा. मग राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंपरेने साल ३०१. अगाथांगेघोस हा जुना आर्मेनियन इतिहासलेखक सांगतो की संत ग्रिगोरने आश्तिशातचं देऊळ पाडून तिथे चर्च उभारलं. खोरेनात्सीने तर देवाला साधा माणूस करून टाकलं: राजा तिग्रानचा मुलगा, बाब आणि तिरान यांचा भाऊ. बायबलच्या आर्मेनियन भाषांतरात मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात ग्रीक हेराक्लीसच्या जागी ‘वाहाग्न’ लिहिलंय, म्हणजे नाव भाषांतरकाराला चांगलं ठाऊक होतं, पण परक्या दैवताच्या खात्यावर टाकण्याइतकं. अशा नावाने पोराला बाप्तिस्मा कोण देणार?

तरीही हाच शब्द मधल्या काळात आर्मेनियात नांदत होता, वेगळ्या वेशात. मराठीत जसं एकच मूळ ‘क्षेत्र’ म्हणूनही आहे आणि ‘शेत’ म्हणूनही, तसं आर्मेनियनमध्ये हे नाव तीनदा आलं. पार्थियनमधून वाहाग्न. पुढे सासानी काळातल्या पर्शियनमधून, जिथे वर्ह्रानचा वहराम झाला होता, ‘वाहराम’. आणि आणखी झिजलेलं ‘व्राम’. ज्याच्या राज्यात मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली तो राजा व्रामशापुह, म्हणजे व्राम आणि शापूर एकत्र. आणि ४२८ साली आर्मेनियाची गादीच बरखास्त करणारा इराणचा बादशहा होता बहराम पाचवा. लिपी मिळाली तीही या नावाच्या राज्यात आणि राजेपद गेलं तेही याच नावाच्या हातून.

वाहरामला चर्चने अडवलं नाही, कारण तोवर त्याला देवाचा वास राहिला नव्हता; ते राजांचं, सरदारांचं नाव होतं. अकराव्या शतकात आनी शहर लढवणारा सेनापती वाहराम पाहलावुनी होता, आणि त्याच घराण्यातला एक वाहराम १०६६ साली ग्रिगोर दुसरा या नावाने खुद्द आर्मेनियन चर्चचा कॅथोलिकोस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू झाला. म्हणजे जुन्या देवाचं नाव बिशपाच्या घरात चाललं, फक्त ते देवाचं आहे हे कोणाला जाणवलं नाही. वाहाग्न मात्र उघडा पडत होता, म्हणून मागे राहिला.

तो परत आला आधुनिक काळात. खोरेनात्सीचा ग्रंथ १६९५ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिल्यांदा छापला गेला होताच. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रीय जागृतीत त्यातली हाय्क, आरा, आराम, तिग्रान ही नावं घराघरांत शिरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलच्या आर्मेनियन कवींना जुन्या देवांची ओढ लागली. १९१४ मध्ये त्यांनी काढलेल्या मासिकाचं नावच ‘मेह्यान’, मूर्तिपूजकांचं मंदिर. पुढच्याच वर्षी ऑटोमन राजवटीतल्या आर्मेनियन वंशसंहारात त्या पिढीतले कितीतरी लेखक मारले गेले. त्यानंतरच्या पिढ्यांत वाहाग्न हे नाव दिसतं: कवी वाहाग्न दाव्त्यान १९२२ चे, आर्मेनियन वंशसंहाराचे इतिहासकार वाहाक्न दाद्रियान १९२६ चे, आणि राष्ट्राध्यक्ष १९५९ चे. तेव्हा आज येरेवानमध्ये हे नाव कानाला विचित्र लागत नाही. दुर्मीळ होतं ते मधली हजार-दीड हजार वर्षं.

आपल्याकडे याचा मागमूस कुठे? पारशांकडे. पर्शियन बहराम गुजरातीमार्गे मुंबईत बेहराम आणि बैरामजी झाला. बालविवाहाविरुद्ध लढणारे बेहरामजी मलबारी हे त्याच नावाचे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधला ‘बी’ म्हणजे बैरामजी जिजीभाई, तेही. पारशांच्या सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिराला ‘आतश बेहराम’ म्हणतात, विजयी अग्नी; भारतात अशी आठ आहेत, त्यांतली चार एकट्या मुंबईत. गंमत पाहा, वाहाग्नच्या नावात नसलेली आग इथे शेजारी येऊन बसली. पारशी महिन्याचा विसावा रोजही बेहराम. त्याआधी कुषाण राजा कनिष्काच्या नाण्यांवर हाच देव ‘ओर्लाग्नो’ या बॅक्ट्रियन रूपात उभा आहे, म्हणजे हिंदुस्थानात तो पारशांच्याही आधी येऊन गेला. मात्र दोन नावं यात ओढू नयेत. बैरामखानातला बैराम तुर्की, अर्थ सण. आणि बहमनी राज्यातला बहमन हा ‘वोहू मन’, सद्‌विचार. त्याचा बहरामशी संबंध नाही.

एक वेगळी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातव्या शतकातला आर्मेनियन गणिती आनानिया शिराकात्सी लिहितो, की एका कडाक्याच्या हिवाळ्यात वाहाग्नने असिरियनांचा पूर्वज बार्शाम याचा पेंढा चोरला, पळताना तो वाटेत सांडत गेला, आणि आकाशात पांढरा पट्टा उमटला. म्हणून आर्मेनियनमध्ये आकाशगंगेला ‘पेंढाचोराची वाट’ म्हणतात. फारसीतही तिचं नाव पेंढ्यावरूनच, कह म्हणजे गवताची काडी आणि कशाँ म्हणजे ओढत नेणारा: कहकशाँ. उर्दू गझलांतून तो शब्द आपल्या कानावर पडलेला असतो. सर्प मारणाऱ्या वीराने पेंढा चोरावा, हे मला त्याच्या सगळ्या पराक्रमांपेक्षा आवडतं.

आता उरलं लेखन. आर्मेनियन उच्चारात आघात ‘हा’वर येतो आणि शेवटच्या ‘ग्न’मध्ये निसटता अ ऐकू येतो, साधारण ‘वाहागन’सारखा. पश्चिम आर्मेनियन बोलीत ‘ग’चा ‘क’ होतो, म्हणून बैरूत किंवा इस्तंबूलकडच्या घराण्यांत तेच नाव ‘वाहाक्न’. ते वेगळं नाव समजू नये. ‘वाहान’ मात्र खरोखर वेगळं आहे, त्याचा आर्मेनियनमधला अर्थ ढाल, आणि आपल्या ‘वाहन’शी त्याला जोडायचं कारण नाही. मराठीत ‘वाहाग्न’ लिहावं. ‘वाहगन’ असं छापलेलं मी पाहिलंय, त्यात आघाताचा ‘हा’ही जातो आणि ‘घ्न’ही.