अ‍ॅथलेटिक्स सामन्याचे निकाल आणि संघांचे गुण एक्सेलमध्ये ठेवता येतील का, की वेगळं सॉफ्टवेअर लागेल?

दोन-चार संघ असतील तर एक्सेल पुरतं. हीट (प्राथमिक फेऱ्या), लेन, अंतिम फेरी असा पसारा असेल तर मीट मॅनेजरसारखं खास सॉफ्टवेअर बरं. फोटो-फिनिश कॅमेऱ्याने (अंतिम रेषेवर वेळ टिपणाऱ्या) घेतलेली वेळ त्यात थेट येते, टायपिंगच्या चुका टळतात.

एक्सेलमध्ये घोळ होतो तो वेळेत. रकाना टेक्स्ट असेल तर १०.२ सेकंद ९.८ च्या वर जाऊन बसतात, आणि हरलेला पहिला! म्हणून सगळं सेकंदांतच टाका: १:५८.४ म्हणजे ११८.४. हाताने घेतलेली वेळ नेहमी वरच्या दशांशावर न्यायची असते, ११.३२ ची ११.४ होते, साधं राउंड फंक्शन वापरलंत तर ११.३ दिसेल, तिथे राउंडअप हवं. लांब उडीत उलटं, ६.२३७ मीटर म्हणजे ६.२३.

बरोबरी झाली की गुण वाटून द्यायचे. पहिल्या चौघांना ५-३-२-१ अशी पद्धत असेल आणि दुसऱ्या क्रमांकावर दोघं असतील, तर प्रत्येकी अडीच. रँक फंक्शन दोघांनाही २ देतं, मग क्रमांकावरून गुण शोधून देणारं व्हीलुकअप दोघांना तीन-तीन वाटून मोकळं होतं आणि बेरीज फुगते.

उंच उडीत तर रँक निरुपयोगीच. तिथे उंची सारखीच असेल तर आधी शेवटच्या पार केलेल्या उंचीवर कुणाचे प्रयत्न कमी फसले ते बघतात, मग एकूण. त्यामुळे प्रत्येक प्रयत्न नोंदवा, नुसती उंची नको. आणि पंचांचे कागदी तक्ते लगेच फेकू नका, हरकत आली की तेच लागतात.