तिरफळाऐवजी काळी मिरी चालेल का?

प्रश्न : गोव्याच्या स्वयंपाकावरचे एक जुने पुस्तक माझ्या हाती आले आहे. लेखिका शेजारी बसून सांगावे तसे लिहितात : खोबरे गुळगुळीत वाटावे, बेताचे पाणी घालावे, उकळी आली की तिरफळे ठेचून टाकावीत आणि शेवटी सोले घालावीत. मापे कोठेही नाहीत. सोले म्हणजे आपली आमसुले हे समजले, परंतु तिरफळ मी कधी पाहिलेलेही नाही. त्याऐवजी काळी मिरी आणि आमसुलाऐवजी चिंच घातली तर बांगड्याचे कालवण जमेल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : मिरी कृपया घालू नका. तिरफळाचे काम तिखटपणा आणण्याचे नाही. त्याच्या सुक्या टरफलाला संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा तीव्र वास असतो, ते चावले तर जीभ चुरचुरते, आणि बांगडा किंवा तारली यांसारख्या तेलकट मासळीचा उग्रपणा त्या वासाने झाकला जातो. मिरीने कालवण केवळ अधिक तिखट होईल.

तिरफळ कोकणी माल ठेवणाऱ्या दुकानात मिळते; गोव्याकडे त्याला तेफळ म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात विचारल्यास त्रिफळा चूर्ण हाती पडण्याचा संभव आहे, तेव्हा वस्तू पाहूनच घ्यावी. आतले काळे बी कडवट असते, ते काढून टाकावे. अर्धा किलो बांगड्यांना आठ-दहा तिरफळे आणि चार-पाच आमसुले पुरतात. तिरफळे वाटणात घालून वाटली तर कालवण कडवट होते. म्हणूनच लेखिका ती नुसती ठेचून उकळीत टाकायला सांगतात. त्यांनी मापे सोडली आहेत, क्रम मात्र सोडलेला नाही, आणि तो आपण काटेकोरपणे पाळावा. जेवताना तिरफळे ताटात बाजूला काढतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

चिंचेने आंबटपणा येईल, पण तिचा कोळ कालवणाचा रंग आणि दाटपणा दोन्ही बदलतो. आमसुले सहज मिळत असताना ही तडजोड करू नये. काही आमसुले खारवलेली असतात, म्हणून मीठ ती घातल्यानंतर चाखून घालावे. ‘बेताचे पाणी’ म्हणजे वाटण पळीच्या पाठीला पातळ थराने लागून राहील इतके.

आपल्याकडे ताजा बांगडा मिळणे अवघड आहे, आणि शिळ्या मासळीवर नवा पदार्थ शिकू नये असे माझे ठाम मत आहे. आपण खतखत्यापासून, म्हणजे गोव्याकडच्या मिश्र भाज्यांच्या कालवणापासून सुरुवात करावी. तूरडाळ, सुरण, रताळे, लाल भोपळा, मुळा, शेवग्याच्या शेंगा आणि मक्याचे कणीस हे सारे वर्ध्याच्या बाजारात त्या त्या हंगामात मिळते. त्यात खोबऱ्याचे वाटण, गूळ, आमसुले आणि तिरफळे पडतात. निम्मे खतखते वेगळ्या पातेल्यात काढून त्यातच तिरफळे घालावीत व दोन्ही चाखून पाहावीत. पुढच्या पाककृतीत ती किती घालायची, हे त्यावरून आपले आपल्याला ठरवता येईल.