पिन-पार्वती खिंड: वाचकांचे प्रश्न

कुलूच्या पार्वती खोऱ्यात बरशैणीहून चालायला लागायचे, ५३१९ मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि स्पीतीच्या पिन खोऱ्यात मुध गावी उतरायचे. अंतर साधारण शंभर किलोमीटर. स्पीतीत शिरायला दुसरी वाट शोधताना लुई डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८४ मध्ये ही खिंड पार केली होती. खीरगंगा मागे पडली की थेट मुधपर्यंत गाव नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. या वाटेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडले आहेत.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. आठवड्यातून दोनदा सिंहगड चढतो, कात्रज ते सिंहगड रात्रीत केला आहे. एका आयोजकाकडे अकरा दिवसांचा कार्यक्रम आहे, दुसऱ्याकडे आठ दिवसांचा. तब्येत चांगली असेल तर आठ दिवस पुरतील ना? (पुणे)

पायांना पुरतील, पण विरळ हवेची सवय पायांना करून घ्यायची नसते. कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी शरीराला विरळ हवेची ओळख होत नाही. उलट दमसास चांगला असलेला माणूस भरभर चालतो, दोन मुक्काम एकात उरकतो आणि त्यानेच आजारी पडतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा सर्वमान्य नियम.

तो या वाटेवर लावून पाहा. मुक्कामांची उंची मीटरमध्ये: खीरगंगा सुमारे २९५०, टुंडा भुज ३३००, ठाकूर कुआं ३५५०, ओडी थाच ३७००, मानतलाई ४१००. इथवर चढ इतका मवाळ आहे की कोणालाही काही होत नाही, आणि सगळ्यांना वाटते आपण जिंकलो. पुढचा हिमनदीजवळचा वरचा कॅम्प मात्र सुमारे ४९०० वर आहे. एका दिवसात आठशे मीटरची उडी, आणि लगेच दुसऱ्या पहाटे खिंड. आठ दिवसांच्या कार्यक्रमात कात्री लागलेली असते ती नेमकी इथे: मानतलाईचा विश्रांतीचा दिवस आणि मोरेनवरचा (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडधोंड्यांच्या ढिगावरचा), साधारण ४४५० मीटरचा मधला कॅम्प. हे दोन्ही ज्यात आहेत तो कार्यक्रम घ्या. शिवाय एक दिवस खराब हवेसाठी मोकळा हवा. विश्रांतीच्या दिवशी तंबूत लोळू नका. तीन-चारशे मीटर चढून या आणि खालीच झोपा.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे. उंचीच्या आजारावर पहिला उपाय खाली उतरणे. पण पार्वती खोरे लांबलचक आणि सपाट आहे. मानतलाईहून ओडी थाचला परतायला निम्मा दिवस लागतो आणि हाती लागतात जेमतेम चारशे मीटर. मोटररस्ता तिथून आणखी दोन-तीन दिवस दूर, तेही आजारी माणूस स्वतःच्या पायांनी चालत असेल तर. जी मवाळ चढण जाताना तुम्हाला सांभाळते, तीच परतताना वेळ खाते.

मुधपर्यंत जीप जाते. मग तिकडूनच सुरुवात केली तर? खिंड तीन-चार दिवसांत येते म्हणे. (डोंबिवली)

खिंड लवकर येते हाच तर दोष. मुध सुमारे ३८०० मीटरवर आहे. जीपमधून उतरताच पहिली रात्र त्या उंचीवर, आणि पुढे पटापट चढ. तिकडून यायचेच असेल तर आधी काझा या स्पीतीच्या मुख्य गावाच्या परिसरात किमान तीन रात्री काढा, म्हणजे वाचवलेले दिवस तिथे खर्च झालेच. आमचा कौल पार्वतीकडून पिनकडे. यात आणखी एक सुख आहे: खिंडीपर्यंत ओला, हिरवा मुलूख आणि पलीकडे उतरताच पर्जन्यछायेतले उघडे, तांबडे-जांभळे डोंगर.

डायमॉक्स घ्यावी का? आणि ऑक्सिमीटरवर किती आकडा आला की परत फिरायचे? (ठाणे)

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी नेहमीचे प्रमाण १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. दोन्ही अपेक्षित आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. इतरांनीही विचारावे, आणि घरी दोन दिवस घेऊन पाहावी. गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, कापलेले दिवस भरून देत नाही.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर निर्णय सोपवू नका. मानतलाईला धडधाकट माणसाचाही आकडा ऐंशी ते नव्वदच्या मध्ये येतो, आणि बोट गार असेल तर यंत्र काहीही दाखवते. माणूस बघा. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मेलेली, विलक्षण थकवा असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. तिथेच थांबून चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तर खाली. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल तर मेंदूला सूज आहे. स्वस्थ बसलेले असताना धाप, सतत खोकला, गुलाबी फेस ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणे. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. रात्र असली तरी खाली निघायचे, सोबत दोघे हवेत.

एक घातक सल्ला वरच्या कॅम्पवर हमखास ऐकू येतो: ‘आता खिंड ओलांडूनच टाकू, पलीकडे उतारच आहे.’ त्या उताराआधी चारशे मीटर चढ आहे. आजारी माणसाला तो चढवायचा नाही.

सोबत डाळ-तांदूळ, गॅस किती घ्यावा? मागच्या वेळी दुसऱ्या एका ट्रेकवर तूरडाळ दोन तास शिजत ठेवली, तरी कच्चीच राहिली. (नाशिक)

चार तास ठेवली असती तरी फारसा फरक पडला नसता. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मानतलाईला पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळते, वरच्या कॅम्पवर ८४ ला. आच कितीही मोठी करा, पातेल्यातले तापमान त्यापुढे जात नाही. जळतो तो फक्त गॅस. म्हणून तीन लिटरचा कुकर हवाच, वजन सोसून. तोही वर थोडा मंदावतो: घरी आत १२० अंश होतात, मानतलाईला सुमारे ११३. शिट्ट्या दीडपट धरा, डाळ आधी भिजवा, रिंग एक जादा ठेवा. तूरडाळीऐवजी मूग किंवा मसूर न्या.

वरच्या दोन मुक्कामांना मात्र कुकरही नको वाटतो. तिथे आपले पिठलेच खरे. बेसन किंवा कुळथाचे पीठ दहा मिनिटांत होते. सोबत पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, गूळ-शेंगदाणे. उंचीवर भूक मरते, त्यामुळे पौष्टिकतेच्या तक्त्यापेक्षा घशाखाली उतरेल ते महत्त्वाचे.

गॅसचे म्हणाल तर २३० ग्रॅमच्या डब्यात, वारा अडवला तर, दहा-बारा लिटर पाणी उकळते. माणशी रोज तीन-चार लिटर पाणी आणि स्वयंपाक धरून हिशेब करा आणि वरच्या कॅम्पसाठी तो दुप्पट करा. तिथे वाहते पाणी नसेल तर बर्फ वितळवावा लागतो, आणि नुसता बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. भांड्यात आधी कपभर पाणी घालून मग बर्फ टाका, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. निव्वळ ब्युटेन शून्य अंशाखाली वायू होत नाही. डब्यावर आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण लिहिलेले आहे का ते बघा. डबे विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. मनालीत घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

उणे दहाची स्लीपिंग बॅग होती, तापमान उणे पाच असेल, तरी रात्रभर कुडकुडलो. बॅग बनावट का? (कोल्हापूर)

बहुधा नाही. आधी लेबल वाचा: उणे दहा हा आकडा ‘कम्फर्ट’चा होता की ‘लिमिट’चा? लिमिट म्हणजे माणूस अंग आकसून कशीबशी रात्र काढेल ते तापमान. या वाटेला कम्फर्ट उणे दहा हवे. दुसरे म्हणजे, थंडी खालून येते. अंगाच्या भाराने बॅगेचा खालचा भाग चेपतो, त्यातली हवा जाते आणि ऊब संपते. खाली फोमची एकच पातळ कॅरीमॅट असेल तर उणे वीसची बॅगही हरते. फोमच्या मॅटवर हवेची मॅट घाला. दोन्हींची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता दाखवणारा आकडा) बेरजेने वाढते, ती चारच्या पुढे न्या.

तिसरी चूक तंबूची. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की दोघांच्या श्वासाची वाफ कापडावर गोठते आणि सकाळी बॅगेवर गळते. पिसांची बॅग एकदा ओली झाली की त्या ट्रेकपुरती गेली. वरची झडप उघडी ठेवा आणि आत स्टोव्ह कधीही पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, तोंड मोकळे राहते.

दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना बांधायचे लोखंडी काटे) खरेच लागतात का? आणि महिना कोणता? (नागपूर)

दोर लागतोच. पार्वतीच्या बाजूने शेवटचा टप्पा हिमनदीवरून जातो आणि तिच्यात भेगा आहेत. जुलैत त्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, सप्टेंबरात उघड्या पडतात. उघडी भेग भयंकर दिसते, पण ती दिसते तरी. एका दोरावर तीन-चार जण, मध्ये आठ-दहा मीटर अंतर, दोर जमिनीला टेकेल-न टेकेल इतपत ताठ. गुंडाळी हातात धरून चालणारे बरेच दिसतात; त्या दोराचा उपयोग फोटोपुरता. पहाटे तीन-चारला निघा आणि नऊ-दहाच्या आत माथा सोडा, कारण ऊन चढले की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ होतात. गडद गॉगल पोर्टरांसकट प्रत्येकाला.

महिना विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टच्या पावसात पार्वती खोऱ्यात दरडी कोसळतात, आणि ओडी थाचच्या अलीकडच्या पांडुपुलाचे दगड निसरडे होतात. नदीवर आडव्या पडलेल्या प्रचंड शिळांचा हा पूल भीमाने रचला असे तिकडे सांगतात. (आपल्याकडे प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदलेले असते, तसेच.) ओल्या दगडावर तिथे हात धरायला कोणीतरी खाली उभे हवे.

मी अमेरिकेहून येणार आहे. माझ्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र आहे. आणले तर चालेल? (न्यू जर्सी)

नाही. भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी संदेशयंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याचे प्रकार झाले आहेत. घरीच ठेवा. मुक्कामांची तारीखवार यादी आणि ‘अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत मुधहून फोन आला नाही तर कोणाला कळवायचे’ हे घरच्यांकडे लिहून द्या. विम्यात किती मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर धरले आहे तेही वाचा. बऱ्याच पॉलिसी मध्येच हात वर करतात.

खिंड झाली की संपलेच ना? (सातारा)

पिनच्या बाजूला ओढे आहेत. ते हिमनदीचे पाणी आणतात, म्हणून सकाळी पोटरीइतके आणि दुपारी मांडीइतके. आठच्या आत ओलांडा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, अनवाणी जाऊ नका, पट्ट्यांच्या सँडल घाला. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचला. पाणी गढूळ असून तळाचे दगड गडगडताना ऐकू येत असतील तर तंबू अलीकडेच लावा.