वाचकांचे प्रश्न : आधी भार, मग प्रीसेट

प्रश्न : देवळाच्या सभामंडपात आरतीच्या वेळा दाखवायला 3.3 व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड केला आहे. एक पिन सिंकची (ओळ कुठे सुरू होते ते टीव्हीला सांगणारा इशारा), एक व्हिडिओची, दोन्हींपुढे प्रीसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रोध). बाहेर कृष्णधवल कॉम्पोझिट, म्हणजे सिंक आणि चित्र एकाच तारेवर. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये 1 किलोओहम लावून ऑसिलोस्कोपवर 1 व्होल्ट बसवला. टीव्हीला जोडलं तर पडदा जवळपास काळा. – एक वाचक, फोंडा

उत्तर : टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटचा रोध, म्हणजे बोर्डावर पडणारा भार, 75 ओहम असतो. तुम्ही 1 किलोओहमवर बसवलेला 1 व्होल्ट तिथे पोचतो तो जेमतेम 0.1 व्होल्ट होऊन. बोर्डाचा दोष नाही. तो 1 किलोओहम काढा, 75 ओहम लावा आणि पुन्हा बसवायला घ्या.

सिंकचा तळ 0, काळं 0.3, पांढरं 1 व्होल्ट, ही पातळी हवी. 3.3 व्होल्टवर सिंकच्या पिनेला 560 ओहम आणि व्हिडिओच्या पिनेला 240 ओहम घेतले की काळं 0.31 आणि पांढरं 1.02 येतं. पिनेचा स्वतःचाही थोडा रोध असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे जरा खाली दिसतील, चालतं. आधी काळं बसवा, मग पांढरं. एकाला हात लावला की दुसरं हलतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या धरूनच चला. मल्टिमीटर इथे कामाचा नाही, तो सरासरी दाखवतो.

वेळही मोजा. पालमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीची प्रणाली) एक ओळ 64 मायक्रोसेकंद, सिंक 4.7. घड्याळ क्रिस्टलचंच हवं. मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर (रोध आणि कपॅसिटरच्या घड्याळावर) बोर्ड तापला की ओळी सरकतात आणि चित्र तिरकं फाटतं.

शेवटची तपासणी सभामंडपातच, खऱ्या केबलवर. टीव्हीजवळ टी-जोड लावून तिथे मोजा. तेव्हा मात्र टेबलावरचा 75 ओहम काढलेला हवा, कारण टीव्ही स्वतःच तो भार आहे. हीच चूक दुसऱ्या वेषात येते: वाय-जोडाने दोन टीव्ही लावले की भार 37.5 ओहम होतो आणि पांढरं 0.6 व्होल्टवर येतं. दोन टीव्ही हवेच असतील तर व्हिडिओ डिस्ट्रिब्यूशन अँप्लिफायर घ्या, तो प्रत्येक टीव्हीला वेगळा आउटपुट देतो. लांब ओढायची केबल आरजी-59 (75 ओहमची कोअ‍ॅक्सियल) हवी. ऑडिओची बारीक वायर नको.

सगळं जुळलं की प्रीसेट काढून मोजा आणि जवळच्या मूल्याचे 1 टक्क्याचे मेटल फिल्म रोध टाका. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात प्रीसेटचा सरकता संपर्क काळवंडतो, आणि चतुर्थीच्या सुमारास चित्र आपोआप फिकं होतं. आरसीए जोडही पुसून घट्ट बसवा. अर्धा तास चालवून पुन्हा मोजा आणि आकडे झाकणाच्या आत लिहून ठेवा.

प्रश्न : पडद्याच्या कडेचा मजकूर कापला जातो. पातळ्या बरोबर आहेत. – एक वाचक, वास्को

उत्तर : हा ओव्हरस्कॅन. जुने टीव्ही कडा झाकतातच. प्रत्येक ओळीत चित्राच्या 52 मायक्रोसेकंदांतले सुरुवातीचे आणि शेवटचे 3-4 रिकामे सोडा, वरखालीही तेवढ्याच प्रमाणात. एक पिक्सेलची चौकट काढून पाहा. चारही बाजू दिसल्या की मजकूर तिच्या आत.