डायनोवर सारख्या, ट्रॅकवर वेगळ्या

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स शर्यतींत 2023 पासून फोर्ड मस्टँगला 5.4 लिटरचं आणि शेवरले कॅमारोला 5.7 लिटरचं इंजिन आहे. मग बरोबरी ठरते कशी? आम्हा दोन मित्रांच्या गाड्यांची ताकद डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) सारखी भरली, तरी सरळ पट्ट्यावर एक पुढे निघतेच.
– रामबाग, इंदूर

उत्तर : तुम्ही बहुधा कमाल ताकदच पाहिलीत. गिअर बदलल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) जिथे उतरतो तिथपासून पुढच्या बदलापर्यंतचा टॉर्क (इंजिनचा पीळ देण्याचा जोर) ताडून पाहा. शर्यत तेवढ्यातच होते. शिवाय डायनोवर गाडीला हवा कापावी लागत नाही. वेग दुप्पट झाला की त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणूनच सुपरकार्सवाल्यांनी दोन्ही गाड्या अमेरिकेतल्या विंडशिअर विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडणाऱ्या बोगद्यात नेऊन तपासल्या.

तुम्हाला कोस्ट-डाउन पुरेल, म्हणजे न्यूट्रलमधली गाडी आपोआप किती वेळात मंदावते ते मोजणं. सपाट, बंद ट्रॅक हवा. सार्वजनिक रस्त्यावर अजिबात नको. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक अशाच चाचण्यांसाठी आहे. वजन आणि टायरची हवा सारखी ठेवा, काचा बंद, टायर आधी वीसेक किलोमीटर चालवून गरम करा. ताशी 120 किलोमीटरच्या पुढे जाऊन न्यूट्रल करा आणि 120 वरून 80 वर यायला लागलेले सेकंद जीपीएस लॉगरवर घ्या. मग 40 ते 20 तसंच. प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी, म्हणजे वाऱ्याचा परिणाम बराचसा वजा होतो.

40 ते 20 मध्येच फरक दिसला तर दोष टायर, बेअरिंग किंवा घासणाऱ्या ब्रेक पॅडचा. तिथे सारख्या आणि 120 ते 80 मध्ये फरक, तर दोष हवेचा : स्पॉयलर, गाडीची उंची, पुढची जाळी बघा.

गाड्यांचा क्रम पहिली, दुसरी, दुसरी, पहिली असाच ठेवा. इंदुरात मे महिन्यातल्या 40 अंशांच्या दुपारची हवा जानेवारीतल्या 10 अंशांच्या सकाळपेक्षा सुमारे 10 टक्के विरळ असते. एक गाडी सकाळी, दुसरी दुपारी तपासलीत तर तुम्ही गाड्या नव्हे, हवामान मोजाल.

प्रश्न : 2019 मध्ये सुपरकार्सच्या मस्टँगमध्ये वरच्या बाजूला वजन का बसवलं?
– तुकोगंज, इंदूर

उत्तर : तिचं गुरुत्वकेंद्र खाली होतं, त्यामुळे वळणावर फायदा मिळतो. म्हणून वर वजन बसवून ते उंचावलं. गुरुत्वकेंद्राची उंची मोजायला शॉक अॅब्सॉर्बरच्या जागी घट्ट दांडे लावतात, टाकी पूर्ण भरतात, ब्रेक मोकळे ठेवतात, पुढची चाकं तराजूवर ठेवतात आणि मागची चाकं उचलतात. 1300 किलोची, 2600 मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी मागून 600 मिलिमीटर उचलल्यावर पुढच्या चाकांवर 30 किलो वाढले, तर केंद्र चाकांच्या मध्याच्या 253 मिलिमीटर वर. तराजूत 1 किलोची चूक म्हणजे 8 मिलिमीटरचा फरक, म्हणून मोजणी तीनदा करा.